ग्रीनवुड गिटारवादकच आहेत, ‘माजी’ नव्हेत

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य चित्रपटसंगीतावर आलेल्या लेखात जॉनी ग्रीनवुड यांची ओळख ‘एकेकाळचे रॉक गिटारवादक, आता चित्रपट संगीतकार’ अशी करून दिली आहे. वस्तुस्थिती म्हणून हे चूक आहे. नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये रेडिओहेड हा त्यांचा बँड माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन आणि बर्लिन या शहरांत वाजवत होता आणि मंचावर ग्रीनवुड यांच्या गळ्यात गिटारच होती. पण पत्र लिहिण्याचं कारण त्याहून मोठं आहे. गिटार बाजूला ठेवून हा माणूस ‘गंभीर’ संगीताकडे वळला, असा समज त्या ओळीतून होतो. त्यांच्या कामाकडे बारकाईनं पाहिलं तर उलट दिसतं. तारेवर आघात कसा करावा, ती कुठे दाबावी, कुठे नुसती झाकावी, किती ढिली सोडावी, हे गिटारवादकाचं ज्ञान त्यांनी वाद्यवृंदात नेलं. हे तपशिलानं मांडावं असं आम्हाला वाटतं, कारण गिटार शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

ग्रीनवुड यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९७१ चा, ऑक्सफर्डचा. ॲबिंग्डनच्या शाळेत बँड जमला तेव्हा त्याचं नाव ‘ऑन अ फ्रायडे’ होतं. थोरला भाऊ कॉलिन त्यात बास वाजवत असे. जॉनी सगळ्यांत धाकटे आणि सगळ्यांत शेवटी आलेले. आधी माउथ ऑर्गन, मग कीबोर्ड, गिटार त्यानंतर. सुरुवातीचे काही महिने कीबोर्डचा आवाज बंद ठेवून आपण नुसतेच बोटं फिरवत होतो आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितलं आहे. त्याच काळात घरी बसून ते कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूरसमूह, शिकत होते. शिवाय तरुणांच्या वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं गजाचं वाद्य, वाजवत होते. गजाची वाद्यं त्यांच्या आयुष्यात गिटारच्या नंतर आलेली नाहीत, हे इथेच लक्षात घ्यायला हवं. १९९१ च्या अखेरीस ईएमआय कंपनीशी करार झाला आणि कॉलेजात जेमतेम काही आठवडे गेलेल्या जॉनींनी शिक्षण सोडलं.

‘क्रीप’ हे गाणं सप्टेंबर १९९२ मध्ये निघालं. त्यात चारच कॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरतात: जी मेजर, बी मेजर, सी मेजर, सी मायनर. नवशिक्या मुलांना हे गाणं म्हणूनच पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिलं जातं. पण त्यातली जी गोष्ट जगाच्या कानात बसली ती कॉर्ड नाही. पहिल्या कोरसच्या तोंडाशी गिटारचे तीन कोरडे तडाखे येतात, त्यांना ‘डेड नोट’ म्हणतात. डाव्या हाताची बोटं तारांवर टेकलेली, पण दाबलेली नाहीत. उजव्या हाताचा फटका मात्र पूर्ण ताकदीचा. सूर नाही, नुसता आघात. गाणं फार मवाळ वाटत होतं म्हणून जॉनींनी ते बिघडवायला हे केलं, अशी आठवण बँडचे दुसरे गिटारवादक एड ओब्रायन यांनी सांगितली आहे.

हे वाजवताना विद्यार्थ्यांचं नेमकं काय चुकतं? बहुतेक जण एकाच बोटानं तारा झाकतात. ते बोट पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) बरोबर वर पडलं की तार गप्प बसत नाही, हार्मोनिक वाजतो आणि तडाख्याच्या जागी घंटेसारखा किणकिणाट येतो. किमान दोन बोटं, शक्यतो तीन, आडवी टेकवावीत आणि या तीन जागा टाळाव्यात. दुसरी चूक डिस्टॉर्शनच्या पेडलची, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या, पायानं दाबायच्या उपकरणाची. फटक्याच्या क्षणीच पेडलवर पाय पडला तर पेडलचा ‘खट्’ आणि गिटारचा फटका एकमेकांत मिसळतात. पेडल अर्धी मात्रा आधी लावायचं आणि तेवढा वेळ तारा हातानं पूर्ण झाकून ठेवायच्या. तिसरी चूक गेनची, म्हणजे आवाज किती फाटावा हे ठरवणाऱ्या बटणाची. गेन पूर्ण चढवला की फटका पसरतो, त्याची कड जाते. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन टिपणारं, एकाच वेटोळ्याचं चुंबकी साधन) असेल तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची घरघरही त्यासोबत वर येते. गेन निम्म्यावर आणि हात जड, हे प्रमाण बरोबर बसतं.

त्यांच्या साहित्याबद्दल मुलं फार विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. ग्रीनवुड यांची ओळखीची गिटार म्हणजे फेंडरची टेलिकास्टर प्लस. तिला लेस सेन्सर पिकअप असतात. ते साध्या सिंगल कॉइलपेक्षा कमी घरघरतात, म्हणून जोरदार डिस्टॉर्शनखालीही शांतता खरोखर शांत राहते. डेड नोट वाजवणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. गिटारवर एक ‘किल स्विच’ही बसवलेला आहे: बटण दाबून धरलं की आवाज तुटतो, सोडलं की परत येतो. आपल्याकडे कारागिराकडून असा स्विच बसवून घेताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. बटणानं सिग्नल ग्राउंडला जोडला गेला पाहिजे. नुसती वायर तोडणारं बटण लावलं तर ॲम्पचं इनपुट मोकळं पडतं आणि शांततेच्या जागी गुणगुण ऐकू येते.

डिस्टॉर्शनसाठी मार्शल कंपनीचं श्रेडमास्टर. ते बरीच वर्षं बंद होतं, २०२३ मध्ये कंपनीनं पुन्हा काढलं. त्यावर ‘कंटूर’ नावाचं एक बटण आहे, मधल्या पट्ट्यातला आवाज काढून टाकणारं. खोलीत एकट्यानं वाजवताना ते पूर्ण फिरवलं की आवाज भव्य वाटतो. बँडमध्ये मात्र बास आणि झांजांच्या मध्ये गिटार गडप होते, कारण गिटारची खरी जागा त्या मधल्या पट्ट्यातच असते. ॲम्प दोन: स्वच्छ आवाजाला व्हॉक्स एसी-३०, डिस्टॉर्शनला फेंडरचा ट्रान्झिस्टरवाला एटीफाइव्ह. या दुसऱ्या निवडीचं आम्हाला विशेष वाटतं. व्हॉल्व्ह ॲम्प जोरदार आघाताला किंचित दबतो, मऊ होतो. ट्रान्झिस्टरचा दबत नाही. ज्याला आघाताची कड हवी आहे त्यानं ‘व्हॉल्व्ह म्हणजेच उत्तम’ हा बाजारातला मंत्र का मानावा?

या आघाताची किंमतही आहे. तारांवर इतक्या जोरानं तुटून पडल्यामुळे ग्रीनवुड यांच्या हाताला दुखापत झाली आणि नव्वदच्या दशकात ते मनगटाला आधारपट्टा बांधून वाजवत. मुलं तो पट्टा फॅशन समजून बांधतात. असं करू नये. आघाताचा जोर मनगट ताठ धरून काढला तर कण्हेरीच्या काठीसारखं ते कधीतरी मोडायचंच. जोर कोपरापासून आणायचा, मनगट सैल, पिक दोन बोटांत फक्त निसटणार नाही इतकीच घट्ट. वीस मिनिटांनी थांबायचं. मुंग्या आल्या किंवा करंगळी बधिर झाली तर त्या दिवशी गिटार पेटीत ठेवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं.

१९९५ च्या ‘द बेंड्स’ या अल्बममधल्या ‘जस्ट’ या गाण्यात चढत जाणारी एक सुरावट आहे. ती अष्टस्वरी सप्तकात आहे, एक अर्धा सूर आणि एक पूर्ण सूर असं आलटून पालटून, आणि चार सप्तकं चढत जाते. आपल्या सरगमात मांडायचं तर: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नि. जोग रागात दोन्ही गंधार भेटतात, पण असे पाठोपाठ सरळ आरोहात नाहीत. गिटारच्या एका तारेवर हे बसवायला सोपं आहे. मोकळी तार, मग फ्रेट १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२. दर तीन फ्रेटनंतर तोच आकार परत येतो, म्हणून अशी सप्तकं एकूण तीनच निघतात. फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ यांनी हे सप्तक भरपूर वापरलं, आणि ग्रीनवुड पंधराव्या वर्षापासून मेसियाँच्या संगीतात बुडालेले. म्हणजे १९९५ च्या रॉक गाण्यात हा ‘गंभीर’ संगीतकार आधीच हजर आहे! सरावात अडचण येते ती कानाची. अंतरं सगळीकडे सारखीच असल्यामुळे षड्ज कुठे आहे हे कानाला कळेनासं होतं. तानपुऱ्याचा सूर चालू ठेवून हळू वाजवा, दर चौथ्या स्वरावर थांबा. मग पाय जमिनीला लागतात.

त्याच गाण्याच्या शेवटच्या सोलोत डिजिटेकचं व्हॅमी पेडल आहे. टाच खाली असताना मूळ सूर, बोटं दाबत नेली की सूर वर सरकतो, एक किंवा दोन सप्तकं. हे पेडल साखळीत डिस्टॉर्शनच्या आधी लावावं. त्याला एक स्वच्छ सूर ओळखून त्याचा वरचा सूर बनवायचा असतो. आधीच फाटलेला आवाज किंवा पूर्ण कॉर्ड दिली की ओळख चुकते आणि आवाज गुळण्या केल्यासारखा येतो. सेकंडहँड घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: जुन्या व्हॅमीला ९ व्होल्टचा एसी ॲडॅप्टर लागतो, बाकीच्या बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी. चुकीचा लावला की पेडल ‘बिघडलेलं’ म्हणून परत येतं.

१९९७ च्या ‘ओके कम्प्युटर’मध्ये गिटारचं ज्ञान पहिल्यांदा उघडपणे व्हायोलिनवर गेलं. ‘क्लाइंबिंग अप द वॉल्स’च्या शेवटी सोळा व्हायोलिनं पाव-पाव सुराच्या अंतरानं एकदम वाजतात. पोलंडचे क्षिश्टोफ पेंडेरेत्स्की यांनी हिरोशिमाच्या बळींसाठी १९६० मध्ये ५२ तंतुवाद्यांकरता लिहिलेल्या रचनेचा हा वारसा. हा आवाज अंगावर काटा का आणतो ते भौतिकशास्त्रात आहे. पाव सूर म्हणजे ५० सेंट (पूर्ण सुराचे २०० सेंट). ४४० हर्ट्झच्या सुराचा वरचा पाव सूर जवळपास ४५३ हर्ट्झ. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला तेरा स्पंदनं उठतात, त्यांना इंग्रजीत ‘बीट्स’ म्हणतात. त्या वेगाला कान त्यांना ठेका म्हणून मोजू शकत नाही आणि सूर म्हणून स्वीकारूही शकत नाही, नुसता खरखरीतपणा जाणवतो.

घरी करून पाहता येतं. गिटारची तिसरी तार ट्यूनरवर हळूहळू चढवा. काटा जी आणि जी शार्प यांच्यात घुटमळू लागला की थांबा, तेच ५० सेंट. आता चौथी तार पाचव्या फ्रेटवर दाबा आणि मोकळी तिसरी तार तिच्यासोबत छेडा. सेकंदाला साधारण सहा लाटा स्पष्ट ऐकू येतील. तिसरी तार बाराव्या आणि चौथी सतराव्या फ्रेटवर दाबून छेडली की लाटा दुप्पट वेगानं येतात. हे एकदा हातानं केलं की त्या सोळा व्हायोलिनांचं गूढ उरत नाही. रस मात्र वाढतो.

२००० च्या ‘किड ए’मध्ये गिटार कमी झाली आणि ‘ओंद मार्तनो’ आलं. मॉरिस मार्तनो या फ्रेंच चेलोवादकानं १९२८ मध्ये जगापुढे आणलेलं हे विजेवरचं वाद्य. उजव्या हाताच्या बोटात एक कडी, ती ताणलेल्या दोरीवर सरकवली की सूर सरकतो. आवाजाचा चढउतार डाव्या हातातल्या दाबाच्या कळीवर. मींड आणि श्वास असे दोन हातांत वाटलेले. आपल्याकडच्या स्लाइड गिटारवाल्यांना हे दोन मिनिटांत कळेल. २००३ च्या ‘गो टू स्लीप’मधला तुटक, अडखळता सोलो मात्र वेगळ्या जातीचा. मॅक्स नावाच्या संगणकप्रणालीत त्यांनी बांधलेली व्यवस्था गिटारचा आवाज साठवते आणि त्याचे तुकडे वाटेल तसे परत फेकते. म्हणून तो सोलो प्रत्येक मैफलीत निराळा. त्याची ‘टॅब’, म्हणजे गिटारची लिखित स्वरलिपी, शोधण्यात वेळ घालवू नये.

चित्रपटांचं काम २००३ पासून सुरू झालं. २००४ मध्ये बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राचे निवासी संगीतकार झाल्यावर त्यांनी ‘पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर’ ही ३४ तंतुवाद्यांची रचना केली. रेडिओच्या दोन केंद्रांमधली खरखर हा तिचा उगम. २००७ च्या ‘देअर विल बी ब्लड’मध्ये तिचा अंश आला आणि आधी लिहिलेलं संगीत आहे म्हणून ते काम ऑस्करच्या स्पर्धेतून बाद झालं. पुढे ‘फँटम थ्रेड’ आणि ‘द पॉवर ऑफ द डॉग’ यांना नामांकनं मिळाली. हे सगळं आपल्या लेखात आहेच, म्हणून पुन्हा सांगत नाही. लेखात नसलेली गोष्ट रेडिओहेडच्या २०१६ च्या ‘बर्न द विच’ या गाण्याची. तिथे लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राच्या वादकांनी गज बाजूला ठेवून गिटारच्या पिकनं तारा छेडल्या आहेत. नुसत्या बोटांनी छेडलेली व्हायोलिनची तार गोल आणि मऊ बोलते, पिकनं तिला टोक येतं. १९९२ चे तीन तडाखे आणि हे गाणं पाठोपाठ ऐकावं. हात तोच आहे. त्याच अल्बममधल्या ‘डेड्रीमिंग’च्या शेवटी चेलोच्या तारा खाली उतरवल्या आहेत, त्यामुळे घशातून गुरगुरल्यासारखा आवाज येतो. गिटारवर हे करायचं तर ९ नंबरच्या, म्हणजे बारीक तारांच्या, सेटवर करू नये. सहावी तार ई वरून सी पर्यंत उतरवली की ती फ्रेटवर फडफडते आणि जोरात छेडल्यावर सूर आधी वर उडून मग खाली येतो. तेवढ्या खाली जायला किमान ०.०५२ इंचाची तार हवी, आणि जाड तार बसवली की नटची (दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच रुंद करावी लागते, नाहीतर ती ट्यूनमध्ये राहत नाही.

‘जुनून’ या अल्बमबद्दल आपल्या लेखात एकच ओळ आहे आणि तीही दुरुस्त करावी लागेल. २०१५ च्या सुरुवातीला जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात झालेलं हे ध्वनिमुद्रण ‘ग्रीनवुड यांचा भारतीय अल्बम’ नाही. रचना इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर यांच्या आहेत, गाणारे-वाजवणारे ‘द राजस्थान एक्स्प्रेस’ या नावानं एकत्र आलेले कव्वाल, मांगणियार आणि ब्रास बँडचे कलावंत. सारंगीवर दिलशाद खान, नगाऱ्यावर नाथूलाल सोलंकी. ध्वनिमुद्रण रेडिओहेडचेच निर्माते नायजेल गॉडरिच यांचं. ग्रीनवुड मागे बसून गिटार, बास, ओंद आणि संगणकावरचे ठेके सांभाळतात. पॉल थॉमस अँडरसन यांनी त्यावर केलेल्या माहितीपटात वीज जाते, कबुतरं आत शिरतात, आणि हा जगप्रसिद्ध गिटारवादक कोपऱ्यात बसून इतरांचं ऐकत असतो. ऐकणं हेही वादकाचंच काम आहे. आधारषड्जावर चाललेल्या गायनाखाली गिटारवाला सवयीनं मेजर कॉर्ड लावतो तेव्हा त्यातला शुद्ध गंधार गायकाच्या कोमल गंधाराचा गळा धरतो. फ्यूजनचे कितीतरी प्रयोग याच एका सवयीनं बुडतात. अशा वेळी सा आणि प एवढ्यावरच थांबावं. याच अल्बममध्ये ‘चाला वाही देस’ हे मीरेचे शब्द आहेत. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लतादीदींचा आवाज यांमुळे मराठी घरांत ते शब्द ओळखीचे आहेत. त्यांनी ही दुसरी चाल जरूर ऐकावी.

रेडिओहेडचे गायक थॉम यॉर्क आणि ड्रमवादक टॉम स्किनर यांच्याबरोबरच्या ‘द स्माइल’ या त्रिकुटानं २०२२ पासून तीन अल्बम काढले. त्यात गिटार पुन्हा पुढे आहे आणि डिले पेडल, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, जणू दुसरा वादक होऊन बसतं. यासाठी लय मोजून ठेवावी लागते: ६०,००० ला मिनिटातल्या ठोक्यांनी भागलं की एका ठोक्याची मिलीसेकंदं मिळतात. १२० च्या लयीला ५००. पाऊण ठोक्याचा प्रतिध्वनी हवा असेल तर ३७५. ड्रमवाला क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक टकटकीवर) वाजवत नसेल तर पेडलवर पायानं लय देण्याची सोय हवीच, नाहीतर दुसऱ्या आवर्तनात प्रतिध्वनी आणि हात वेगळे पडतात. २०२३ च्या ‘बेंडिंग हेक्टिक’मध्ये वाद्यवृंदाच्या तंतुवाद्यांची मींड वर वर चढत जाते आणि थेट फाटक्या गिटारवर येऊन कोसळते. कुठे व्हायोलिन संपली आणि कुठे गिटार सुरू झाली, हे ठरवणं कठीण जावं इतका तो सांधा घट्ट आहे.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी एक नाव सुचवून पत्र आवरतो. अमेरिकी रचनाकार स्टीव्ह राइश यांची १९८७ ची ‘इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट’ ही रचना ग्रीनवुड यांनी २०११ मध्ये पोलंडमध्ये, राइश यांच्यासमोर वाजवली. दहा गिटार आणि दोन बास आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि अकरावी गिटार प्रत्यक्ष वाजवायची, अशी तिची रीत. ग्रीनवुड यांनी ते सगळे भाग स्वतः वाजवून घेतले. रचनेच्या पहिल्या खंडातल्या दोनच गिटारी फोनवर मुद्रित करून तिसरी त्यावर वाजवावी. एकाच आकृतीला एका मात्रेनं मागे ठेवून किती नवी सुरावट निघते ते कळतं.

आपण दुरुस्ती छापाल तेव्हा ‘गिटारवादक आणि संगीतकार’ असे दोन्ही शब्द ठेवावेत, आणि ‘जुनून’च्या उल्लेखात शाय बेन त्सूर व राजस्थानी कलावंतांची नावं द्यावीत, ही विनंती.

आपले,
गिटार शिकवणारे दोन वाचक,
पुणे